शेळ्यांनी नाकारलेली वांगी

वडूज, सोमवार, माघ १९४४

तीन महिने खांद्यावरून पाणी आणून वांगी वाढवली. शेळ्यांपासून राखायला काल भोवती बोरीच्या ओल्या फांद्यांचं काटेरी कुंपण घातलं. आज शाळेतून येतो तर शेळ्या कुंपणच खातायत! काट्यांमधला पाला साफ.

शेळ्यांची मालकीण सखूबाई हसून बेजार. "आवं मास्तर, बोरीचा पाला लय आवडतो त्यास्नी. कुंपण न्हाई, पंगत मांडलीसा तुमी!"

वांगी मात्र जशीच्या तशी. काळ्या शेळीने एक हुंगलं आणि तोंड फिरवलं. तीन महिन्यांची मेहनत, नुसतं हुंगून सोडली? कुंपणापेक्षा हेच का लागलं मनाला?

रात्री हिने तीच वांगी भरून केली. पहिलाच घास कडूजहर. काळी शेळी आठवली. पण ही समोर बसलेली. मला तोंड फिरवायची सोय नव्हती.