क्ष तीन आला तेव्हा

अण्णा, तुम्ही असता तर आधी चष्मा पुसला असता अन् मग बोलला असता, म्हणून लिहूनच सांगते. आज माझ्या हातनं चूक झालीय. गावात जुलाबाची साथ हाय. पाणी सोडणारा माणूस अहमदपूरला दवाखान्यात पडलाय, म्हणून टाकीत औषध टाकायचं काम ग्रामपंचायतीनं माझ्या गळ्यात मारलं. मास्तरांची पोरगी, हिशेब येणारच, म्हणे. औषध आणि पाणी दोनास तेरा, मिळून पंचेचाळीस लिटरचं मिश्रण करून टाकीत ओतायचं. मी भिंतीवर खडूनं लिहिलं, पंधरा क्ष बरोबर पंचेचाळीस, क्ष बरोबर तीन. लई बरं वाटलं बघा. सकाळी कॅनमधनं तीन लिटर औषध घेतलं, वर पाणी भरलं, टाकीत ओतलं आणि कॉक खोलला.

दुपारी कॅन धुवायला उचलला तर जड. एका वेळेला एक कॅन संपतो असं पंचायतीनं बजावलं होतं, अन् हा अर्धा भरलेला. भिंतीवरचं गणित परत वाचलं. दोन क्ष टाकायचं होतं, अण्णा. सहा लिटर.

तवाचं आठवतंय, मी सातवीत हाय. आई कळण्याच्या भाकरीचं दळण काढतीय, ज्वारी आणि उडीद चारास एक, मिळून दहा किलो. तुम्ही चुलीजवळ पाटावर बसून विचारता, ज्वारी किती? पाच क्ष बरोबर दहा, म्हणून मी ओरडते, दोन किलो! आई माप तसंच हातात धरून म्हणते, मग बाकी सगळा उडीदच का? तुम्ही हसत न्हाई, म्हणता,

"क्ष घावला म्हणून उठू नको. विचारलंय काय, ते परत वाच. अन् ताळा केल्याबिगर पाटी पुसायची न्हाई."

आज कॉक बंद केला आणि घरोघर फिरून पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. टाकीत गाळ आलाय, असं कारण मीच दिलं. माझी चूक झाली, असं तोंडातनं निघालंच न्हाई. मागच्या गल्लीतली एक बाई म्हणाली, सकाळीच हंडा भरला, पोरं पिली की. तिची धाकटी ओट्यावर भाकरीचा तुकडा चघळत माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून कुणाचं दार वाजलं तरी मी उठून त्या गल्लीकडं बघते.

सातवीच्या निकालाला तुम्ही मला शाईपेन दिला होता, पोरगी प्रत्येक गणिताचा ताळा करती म्हणून. अण्णा, मी एकही ताळा केलेला नव्हता. पुस्तकामागचं उत्तर बघून खालनं वर लिहायची. पहिला खरा ताळा आज केला, टाकीच्या भिंतीवर. सहा आणि एकोणचाळीस, पंचेचाळीस.

हे कुठल्या पत्त्यावर धाडणार, पिठाच्या डब्याखाली ठेवते. गाळाचं खोटं होतं, हे त्या बाईला जाऊन सांगायचंय, अन् पाय उचलत न्हाई.