झाडून आणलेलं म्हातारपण

तीर्थस्वरूप दादांना धाकट्याचा दंडवत. वहिनींचे गुडघे आता बरे असतील; नसतील तर जिना चढू नका म्हणावं. (लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा सल्ला आहे, त्यात थोडा स्वार्थ धरावा.) आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीने.

जुना देश सोडला त्या सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. सामान खाली गेलं होतं, ही टॅक्सीजवळ उभी राहून हाका मारत होती आणि मी रिकामी खोली झाडत होतो. बापूंच्या बदल्या आठवतात ना? ट्रक दाराशी उभा, तुम्ही पक्कड घेऊन भिंतीतले खिळे उपटताय, मी केर काढतोय आणि बापू उंबऱ्यात उभे राहून बजावताहेत, "मागे काडी ठेवायची नाही." मीही तेच केलं. खिळे काढले, भोकांत साबण भरला, पडद्याची दांडी उतरवली. (न्हाणीघरातला बल्ब घरमालकाचा होता हे विमानात आठवलं. तो तेव्हा माझ्या मोज्यात होता.) मग उघड्या भिंतींना हात जोडले आणि निघालो.

इथवर ठीक होतं. पण या नव्या देशात बस्तान बसल्यावर ध्यानात आलं की तिथे आपलं अजून एक राहिलंच आहे: म्हातारपणाचा फंड. दर पगारातून थोडं माझं कापलं जायचं, तेवढंच कंपनी घालायची आणि साठीनंतर ते महिन्याच्या महिन्याला मिळायचं. तो फंड मला खोलीत विसरलेल्या ट्रंकेसारखा दिसायला लागला. त्यातच तुमचा निरोप आला की तुम्ही घेताय त्याच्या शेजारचा प्लॉट अजून मोकळा आहे. एक तुमचा, एक माझा, मधे कुंपण नाही, सकाळी एकाच नळावर दोघा म्हाताऱ्यांचं भांडण. माझा धीर सुटला. फंडवाल्यांना कळवलं, माझं सगळं देऊन टाका. कुणाला विचारलं नाही. देवालासुद्धा नुसतं कळवलं.

पैसे निघाले, पण वाटेत दोन नाकी लागली. जुन्या देशाने, वेळेआधी काढले म्हणून, दारातच मोठा लचका तोडला. उरलेले इथे पोचले तर हा देश म्हणतो, तुम्ही आता आमचे रहिवासी. जगात कुठेही मिळालं तरी ते तुमचं यंदाचं उत्पन्न. म्हणजे कागदोपत्री मी एका वर्षात आमच्या मोठ्या साहेबाएवढा कमावता झालो आणि करही साहेबाच्याच दराने बसला. (हिने विचारलं, मग यंदा आपण साहेबासारखे राहिलो कधी? मी म्हटलं, कर भरला त्या दिवशी.)

हे सगळं मला समजावलं ते करसल्लागार बाईंनी. मी ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळतो तिथेच त्यांचं ऑफिस आहे. डॉक्टर वाईट बातमी सांगतात तशा हळू आवाजात त्या बोलतात. निघण्याआधी काढले असते तर एकच कात्री लागली असती, म्हणाल्या, आणि साठीपर्यंत थांबला असता तर जवळजवळ काहीच नाही. एकाच पैशावर दोनदा कर बसू नये म्हणून दोन्ही देशांत करार आहे म्हणे, पण असं एकदम झाडून आणणाऱ्याला त्यातून फार थोडं सुटतं. मग त्यांनी विचारलं, तिथे अजून काही शिल्लक आहे? मला अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, काडीसुद्धा नाही. पण त्यांनी कागद उलटून पाहिले तर कंपनीचा वाटा तसाच पडून होता; त्याला माझी वेगळी सही लागत होती. बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "हात जोडते, ही सही करू नका!"

दादा, सही केली तर दोन्ही नाकी पार करून जे उरेल त्यात आधीचे घालून प्लॉट कसाबसा येतो. नाही केली तर म्हातारपणाला भाकरी राहते, पण शेजार जातो. लिफ्टला एक ब्रेक असतो. तो कुणाला दिसत नाही, पण दोर तुटला की तोच धरतो. मी आयुष्यभर लोकांचे ब्रेक तपासले आणि स्वतःचा विकायला काढला. फार चुटपुट लागली आहे. चुकलो ते बापूंचं ऐकून, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नाही.

तुमचा
धाकटा

ता. क. प्लॉटवाल्याला माझ्या वतीने नाही म्हणून सांगा. तो बोलेल ते ऐकून घ्या, मला कळवू नका.

ता. क. शेजारी कुणीही आला तरी तो भला असो. पण तुम्ही पाठवलेल्या घराच्या नकाशात मागच्या बाजूला एक लहान खोली दाखवली आहे. ती कुणासाठी, हे मी विचारत नाही. फक्त अडगळीची करू नका. आम्हा दोघांना तेवढी पुरते. भांडणाला नळ तर एकच आहे.

ता. क. वर सगळं ठरल्यासारखं लिहिलं आहे, पण लिहीत होतो तेव्हा सहीचा कागद समोरच होता आणि पेनाचं टोपण उघडं होतं. ही म्हणाली, "भाऊजींना आधी खोली मागा, मग काय ते ठरवा." तुमचं उत्तर यायच्या आतच ठरवलं. कागद कोराच परत पाठवला, सोबत दोन ओळी: पैसे साठीपर्यंत तिथेच असू द्या. आत्ताच टपालपेटीत टाकून आलो. दादा, घर सोडल्यावर मागे काहीतरी ठेवायची ही माझी पहिलीच वेळ.