वहिनींची बढती

तीर्थरूप वहिनींना धाकट्या दिराचा लांबूनच नमस्कार. (धपाट्याच्या टप्प्याबाहेर आहे, म्हणून जरा जास्तच वाकून केलाय.) तुमची कंबर कशी आहे? दादा बादल्या उचलू लागतो, की अजून नुसतं "हळू गं" एवढंच म्हणतो?

मी मजेत. हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करतो, आणि तुम्ही फोनवर दम दिल्यापासून दुपारी इथल्याच इंग्रजीच्या वर्गाला बसतो. (बसतो म्हणजे दाराजवळच्या खुर्चीवर, एक पाय बाहेर ठेवून.) शब्दांचे अर्थ पाठ होतात, काळ मात्र ओल्या चादरींसारखे एकमेकांत गुंततात. परवा बाई म्हणाल्या, घरच्या माणसाला कशाची तरी उपमा द्या. आचाऱ्याने आईला चंद्र केलं, माळ्याने बायकोला गुलाब. माझी पाळी आली तेव्हा मी दाराकडे बघत होतो. घाईत तोंडून निघालं, माझी वहिनी इस्त्रीसारखी आहे. सगळा वर्ग खो खो हसला. आचारी म्हणाला, "लेका, घरी कळलं तर चटका बसेल!"

बाईंनी विचारलं, ते कसं? मग मोडकंतोडकं सांगितलं, की मी शाळेतून पळून घरी यायचो, आणि घरातून पुन्हा पळू नये म्हणून तुम्ही उंबऱ्यात भाजी निवडत बसायच्या. धडा वाचून होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. गरम खऱ्या, जडही, पण माझ्यात जे काही सरळ आहे ते तुमच्यामुळेच. बाईंनी माझं वाक्य फळ्यावर लिहून त्यातलं 'सारखी' खोडलं आणि म्हणाल्या, आता हे रूपक झालं. म्हणजे वहिनी, तुम्हाला बढती मिळाली, तुम्ही आता सरळ इस्त्रीच! आणि वर्गाने तुम्हाला असं उचलून धरलंय, की मुकादम ओरडला की माळी म्हणतो, आज साहेब फारच वहिनी झालेत.

आभाराचा इंग्रजी शब्द इथे लोक लिफ्टचं दार उघडणाऱ्यालाही देतात. तुम्हाला तो पुरेना, म्हणून एवढं पत्र.

तुमचा, अजून खुर्चीवर टिकलेला,
धाकटा

ता. क. सोमवारी तोंडी परीक्षा आहे. पास झालो तर पाहुण्यांसमोर काउंटरवर, नाहीतर चादरी आहेतच.

आणखी ता. क. खरं सांगायचं तर पिशवी भरून ठेवलीय. सोमवारी सकाळी फोन करून मला रागवा. मायेने बोलू नका, मी थेट घरी येईन. दादाकडे तर फोन देऊच नका, तो "ये परत" म्हणेल. तुम्ही फक्त उंबऱ्यात बसा. (खरंखुरं बसू नका, कंबर धरेल. हे रूपक आहे.)