वाकायला बंदी

४ नोव्हेंबर
घरी आलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्यांचे सांधे बसवले, आता माझाच खुबा काढून दुसऱ्यानं नवा बसवला! डॉक्टरांना विचारलं, किती टिकेल? 'वीसेक वर्षं.' मी गिऱ्हाईकाला साध्या दाराची चाळीस सांगतो.

हिनं समोरच्या भिंतीवर कागद चिकटवलाय. वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना मांड्यांमध्ये उशी. जमिनीवर बसायचं नाही – कधीच. 'कधीच'खाली दोन रेघा. चव्वेचाळीस वर्षं जमिनीवर बसून, फळी पायानं दाबून रंधा मारला. बसायचंच नाही तर मी सुतार कसला?

६ नोव्हेंबर
संडासात भांड्यावर प्लॅस्टिकची उंच बैठक बसवलीय. सिंहासनच! पण डुगडुगतं. राजाला दोन्ही हातांनी भिंत धरावी लागते.

९ नोव्हेंबर
मागच्या शेडमधून सकाळपासून करवतीचा आवाज. मुलगा. विचारलं, काय करतोयस? 'काही नाही, एक काम आलंय.' कुणाचं? 'बाबा, तुम्ही आराम करा ना! बरे झालात की शेडमध्ये खुर्ची टाकून बसा, नुसतं लक्ष ठेवा.'

नुसतं लक्ष! लक्ष ठेवायला कुत्रा पाळ म्हणावं.

१३ नोव्हेंबर
फिजिओवाली आली. नातीच्या वयाची, आवाज मात्र हवालदाराचा. 'काका, डावीकडे कलू नका. आता दुखत नाही ना? मग कशाला वाकता?' अगं बाई, दहा वर्षं असाच चाललोय. जित्याची खोड – नवा खुबा घातला म्हणून जाते होय?

१५ नोव्हेंबर
टाके काढले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत एकाचा तरी खुबा निखळलेला असतो. आज तिसरा निखळला. वर चहाही आम्हीच पाजायचा.

२२ नोव्हेंबर
वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं. मुलगा माझा बसायचा पाट शेडच्या माळ्यावर टाकत होता. माझा! आणि रंध्याचा खिळा रिकामा. हिला सांगितलं तर म्हणते, 'नाहीतरी तुम्हाला खाली बसायचं नाहीये.' इतक्या थंडपणे!

आता आठवतंय. ऑपरेशनच्या आधी एकदा मला भिंतीपाशी उभं करून यानं काडी लावली होती. जमिनीपासून मनगटापर्यंत माप घेतलं. कशाला रे? 'असंच.' म्हणजे तेव्हापासूनच काहीतरी शिजतंय. मला काढायचं आणि शेड आपल्या सोयीची करून घ्यायची. मी अजून जिवंत आहे, म्हणावं!

रडू आलं. कुशीवर वळून रुसायचीही सोय नाही – डॉक्टरांची बंदी.

२३ नोव्हेंबर
मुलाशी बोललो नाही.

२४ नोव्हेंबर
आजही नाही. वॉकरशी बोललो. तो उलट उत्तर देत नाही.

३० नोव्हेंबर
मुलगा दारात येऊन उभा राहिला. 'बाबा, शेडमध्ये येता का जरा?' म्हटलं, खुर्ची टाकून बसायला? नाही येत. तो परत शेडकडे गेला. 'पोरगं आहे हो ते,' ही म्हणाली. चाळीस वर्षांचं पोरगं! वाईट मलाही वाटलं. पण आधी कोण वागलं वाईट?

९ डिसेंबर
वॉकर सुटला, काठी आली. दवाखान्यातून परतताना ही एकदम थांबली, वर बघायला लागली. 'अहो, लग्नात होतात तेवढे उंच झालात की!' फिजिओवालीची खरी करामत. मी तोंड वाकडं केलं, पण आतून बरं वाटलं.

१० डिसेंबर
माझा रंधा परत आणायचा म्हणून भांडायच्या तयारीनं शेडमध्ये गेलो.

मध्यभागी टेबल. नवं, जाडजूड, उभ्यानं काम करायचं. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत कुसू बसवून केलेले – मी शिकवलेले. रंधा, करवत, पटाश्या सगळं हाताच्या उंचीवर टांगलेलं. वाकायला नको म्हणून. मुलगा शाळेत निकालाच्या दिवशी उभा राहायचा तसा कोपऱ्यात.

रंधा हातात घेतला, फळीवर टेकवला – आणि वाकावं लागलं. टेबल दीड इंच कमी!

त्याचा चेहरा उतरला. 'माप घेतलं होतं मी, बाबा... ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी.'

म्हटलं, माप बरोबर आहे रे. माणूस वाकडा होता.

उद्या टेबलाच्या पायांखाली घालायला दीड इंचाचे चार ठोकळे करायचेत. मीच करणार. उभ्यानं.