चुकीच्या खणात पडलेले कलम

मी, सरकारी छापखान्यातला निवृत्त मुख्य जुळारी, वय वर्षे एकोणऐंशी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाला, आग्रहाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मन शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडून डोक्याचा दाखला कसा, असे कोणी विचारले तर त्या आधी डॉक्टर झाल्या आणि डोळ्यांकडे नंतर वळल्या, असे सांगावे. चार वर्षांपूर्वी केलेले माझे पहिले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. ते लिहिताना मी शुद्धीत होतो, पण अंधारात होतो.

कलम १. वरच्या मजल्यावरचे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, तसेच बँकेतली शिल्लक, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. न्हाणीघराचे दार लावताना जरा उचलून धरावे लागते, हे तिला ठाऊक आहे. तिच्या नवऱ्याला सांगून उपयोग नाही, तो ते ढकलतोच.

मोतीबिंदूसाठी मला दवाखान्यात तीच घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक धरले.

"काका, आकडा कोणता दिसतोय?"

"ठिपके दिसतायत."

"त्या ठिपक्यांत एक आकडा आहे."

"असेल. आमची अजून ओळख झालेली नाही."

बाई हसल्या. पाच पाने उलटल्यावर मात्र त्यांचे हसू थांबले. त्या म्हणाल्या, "काका, मोतीबिंदू आपण काढून टाकू. पण तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. हे जन्मापासूनचं आहे. आजवर कोणी सांगितलं नाही?"

मुलगी म्हणाली, "तरीच आई तुम्हाला कधी टोमॅटो आणायला पाठवायची नाही." यावर मीही हसलो. बसमध्ये जागा मिळेपर्यंत हसतच होतो. मग मला दोन पेन्सिली आठवल्या आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. थेंबांची बाटली फुटली. मुलगी विचारत राहिली, बाबा काय झालं.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे ओळी जुळवायची पितळी पट्टी, दोन चिमटे आणि खिळ्यांचा एक भरलेला खण, छापखान्याच्या शाळेला द्यावीत. भंगारात घालणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. जुळारी म्हणजे काय, हे आता कोणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. शिशाची उलटी अक्षरे, ज्यांना आम्ही खिळे म्हणतो, ती एकेक उचलून तो ओळ उभी करतो. एक्केचाळीस वर्षांपूर्वी या देशाची राज्यघटना तयार झाली, ती या पट्टीवर आणि या हातांनी जुळली. हे सांगताना माझी मान आजवर ताठ असे.

पद्धत अशी होती. घटनासभेत मंजूर झालेले प्रत्येक कलम एका जाड कार्डावर लिहून आमच्याकडे येई. सभेचा नोंदलेखक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करी. लाल खूण म्हणजे हक्कांचे प्रकरण: ते कलम मोडले तर साध्यातला साधा माणूस सरकारला कोर्टात खेचू शकतो. हिरवी खूण म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण: धोरण आखताना सरकारने ती तत्त्वे नजरेसमोर ठेवावीत, पण ठेवली नाहीत तर कोणाला कोर्टात जाता येत नाही. प्रकरणाचे नाव शब्दांत लिहायला बंदी होती, कारण सुरुवातीला एका सभासदाने येता-जाता ते खोडून दुसरे लिहिले होते. माझ्या टेबलावर दोन खण होते. उजवा हक्कांचा, डावा तत्त्वांचा. मी खूण बघायचो आणि कार्ड टाकायचो.

अकरा महिने एक चूक झाली नाही. ती का झाली नाही, ते मला त्या बसमध्ये कळले. लाल पेन्सिल तेलकट होती, तिची खूण गडद उठायची, हिरवीची फिकट. मी गडद आणि फिकट वेगळे करत होतो आणि लाल-हिरवे वेगळे करतोय असे समजत होतो. शेवटच्या दिवशी जुनी लाल पेन्सिल संपली. भांडारातून दुसऱ्या कारखान्याची आली. त्या दिवशी नव्या पेन्सिलीच्या खुणेचे एकच कार्ड माझ्याकडे आले. खूण फिकट होती, मी ते डाव्या खणात टाकले.

कलम ३. ते कार्ड बाहेरच्या खोलीत, घड्याळाखाली, चौकटीत लावलेले आहे. त्यावर लिहिले आहे: "कामापायी ज्याला इजा होईल किंवा आजार जडेल, त्याच्या उपचाराचा व उदरनिर्वाहाचा भार राज्य उचलील." घटना छापून झाल्यावर सगळी कार्डे जाळायचा हुकूम होता. हे एक मी खिशात घातले, कारण ते माझ्या मित्राचे कलम होते आणि, मला वाटत होते तसे, त्याच्याशी झालेल्या दग्याचा तो पुरावा होता: सभेने हक्क म्हणून मंजूर केलेल्या कलमावर मला हिरवी खूण दिसत होती. आल्यागेल्याला मी ते दाखवायचो. "ही खूण बघा," म्हणायचो, "याला म्हणतात केसाने गळा कापणं." खुणेचा अर्थ कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे सगळे गंभीरपणे माना डोलावत. डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आलो आणि चपला न काढता त्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिलो.

"हा कोपरा कोणत्या रंगाचा आहे?" मी मुलीला विचारले.

"लाल."

"नीट बघ."

"बाबा, लहानपणापासून बघतेय. लालच आहे."

  एक्केचाळीस वर्षे मी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला होता आणि पाहुण्यांना चहासोबत दाखवत होतो.

कोणी म्हणेल, छापलेला मसुदा सभेत वाचला गेला, तेव्हा तीनशे शहाण्या माणसांच्या लक्षात आले नाही का? आले. पण ते कलम तत्त्वांच्या प्रकरणात बघून कामगारांच्या सभासदांना वाटले, आपल्याच पुढाऱ्यांनी कशाच्या तरी बदल्यात ते सोडले असणार. कारखानदारांच्या सभासदांना वाटले, आपल्याच पुढाऱ्यांनी आतून जमवले असणार. जो तो आपल्या माणसांचे बिंग फुटू नये म्हणून गप्प बसला. माझ्या चुकीवर तीनशे जणांनी हात वर केले.

कलम ४. खालचा गाळा, जिथे निवृत्तीनंतर मी लग्नपत्रिका छापायचो, तो ओताऱ्याच्या मुलीला मिळावा. ओतारी म्हणजे आमच्या छापखान्यात शिसे वितळवून खिळे ओतणारा माझा मित्र. वीस वर्षे शिशाच्या वाफेत उभा राहून त्याची मनगटे लुळी पडली. पंजे असे लोंबायचे की कप उचलता येईना. त्याची नऊ वर्षांची मुलगी शाळा सोडून त्याला घास भरवायची. घटनेत आपल्यासाठी कलम आहे, हे मीच त्याला सांगितले आणि ते तत्त्वांत छापले आहे हे ठाऊक असूनही, त्याचे हात पाहून कोर्ट ऐकेल या आशेने, मीच त्याला कोर्टात नेले. न्यायाधीशबाईंनी त्याचे सगळे ऐकून घेतले, त्याच्या हातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कलम उत्तम आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात आहे. तिथे या कोर्टाचे हात बांधलेले आहेत."

बाहेर पायऱ्यांवर ओतारी म्हणाला, "कळलं का रे? शोकेसमधल्या कपबशा आहेत त्या. पाहुण्यांना दाखवायच्या. आपण चहा प्यायचा नाही."

मी नोंदलेखकाला शिव्या घालत होतो. ओतारी म्हणाला, "जाऊ दे, कोणाचा तरी हात चुकला असेल." पुढच्या वर्षी तो गेला. त्याचे ते वाक्य मी आजवर भलेपणा समजत होतो. आता ते आठवले की जेवण जात नाही.

मुलीने विचारले, "बाबा, ओताऱ्याच्या मुलीचं तर आधीच्या मृत्युपत्रातही होतं ना?" होते. "माझ्या मुलीने तिला जमेल तशी मदत करावी, अशी माझी इच्छा आहे," असे होते. ते शेवटच्या पानावर, इच्छांच्या भागात, जिथे वकिलाने आधीच सांगितले होते की हे कोणावर बंधनकारक नाही. म्हणजे डोळे मिटून जे एकदा केले, तेच डोळे उघडे ठेवून मी घरात पुन्हा केले होते.  म्हणून गाळा, त्याचे कुलूप, दोन्ही किल्ल्या आणि वरची पाटी, सगळे तिचे. तिथे तिने शिलाईचे दुकान काढावे की भाड्याने द्यावे, हे मी सांगणार नाही.

कलम ५. माझे वैर. हे मी कोणालाही देत नाही, माझ्याबरोबरच संपवतो. ते दाजींशी होते. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि घटनासभेचे नोंदलेखक तेच. कलम चुकीच्या प्रकरणात छापलेले पाहिले, त्याच रविवारी त्यांच्या घरी, भरल्या ताटावर मी त्यांना विचारले, "किती घेतलेत?" ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. दाजी उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर त्यांच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवला नाही. ताई एकटीच येत राहिली आणि आठ वर्षांपूर्वी गेली. तिला पोचवायला गेलो तेव्हाही मी दाजींकडे पाठ करून उभा होतो.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्या दारात गेलो. ते पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू जरा कमी येते. मी बसायच्या आधीच म्हणालो, "दाजी, कोपरा लाल होता."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"छापलेलं पुस्तक हातात पडलं त्या दिवसापासून. तुला रंग दिसत नाहीत हे तुझ्या ताईने लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. लहानपणी तू कच्ची फळं तोडून आणायचास आणि ती आईला सांगायची, मीच तोडली म्हणून. पण तू गडद-फिकट बघून आमच्या खुणा बरोबर ओळखत होतास, म्हणून मी गप्प होतो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"सभेच्या भिंतीवर लिहिलं होतं, विसरलास? मसुद्यात फेरफार, सात वर्षं सक्तमजुरी. तुझ्या बायकोला सातवा महिना होता. माझी ही पाया पडली. म्हटलं, दोन वर्षांत घटनादुरुस्ती होईल आणि आपोआप निस्तरेल. झाली नाही. मग ओतारी गेला. त्यानंतर बोलायला तोंड कुठे होतं?"

त्यांचे पाय धरावेत की गळा, मला कळेना. माझ्यासाठी त्यांनी जन्मभर चोर म्हणवून घेतले. आणि माझ्याचसाठी ओताऱ्याला मरू दिले. दोन्ही एकाच माणसाने केले आणि दोन्ही मला समजावून सांगायला माझी बहीण आता नाही. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दाजींनी संत्रे सोलून माझ्यापुढे ठेवले. ते पिकलेले आहे, असेही सांगितले.

दाजींना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते, त्याला मृत्युपत्रावर साक्ष घालता येत नाही, असा कायदा आहे, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर ते कार्ड आणि माझ्या चुकीचा कबुलीजबाब संसदेच्या सभापतींना आणि एका वर्तमानपत्राला द्यावा, म्हणजे ते कलम त्याच्या योग्य प्रकरणात नेण्याची मागणी कोणाला तरी करता येईल. मुलीची नाचक्की होईल, म्हणून तिची परवानगी विचारली. ती म्हणाली, "द्या. फक्त रंगाचा मजकूर मला तपासू द्या."

वरील कलम ६ रद्द. कारण लिहितो. हे इथवर लिहून झाल्यावर मी ओताऱ्याच्या मुलीला बोलावून सगळे वाचून दाखवले. ती शिवत असलेली बाही मांडीवर ठेवून ऐकत होती.  तिने मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरे झाले असते. शेवटी तिने एवढेच विचारले, "काका, तुमच्या मृत्यूनंतर म्हणजे कधी?"

"ते काय माझ्या हातात आहे?"

"म्हणजे तोवर ही पण इच्छाच."

मी भिंतीवरची चौकट उतरवली. आज सकाळी कार्ड आणि कबुलीजबाब मी स्वतः नेऊन दिले. सभापतींच्या कचेरीत पोचपावती देणाऱ्या कारकुनाने ते दोनदा वाचले, उठून उभा राहिला आणि मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. पुढे काय होईल ते होवो. सक्तमजुरीला मी आता फारसा उपयोगाचा नाही.

या मृत्युपत्राला इच्छांचा वेगळा भाग नाही.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने, काळ्या शाईने लिहिले आहे.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल. तारीख एकोणीस, गुरुवार, दुपारी चार.

सही: मुख्य जुळारी, निवृत्त

साक्षीदार पहिल्या: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. "यांनी माझ्यासमोर सही केली. मन ठणठणीत आहे. थेंबांची नवी बाटली आणावी."

साक्षीदार दुसरे: दाजी, घटनासभेचे नोंदलेखक. "सही माझ्यासमोर झाली. कार्डावरची खूण माझ्या हातची आहे. ती लाल होती. हे मला एक्केचाळीस वर्षांपूर्वी लिहायचे होते."