चाळणीवर राहिलेले दगड

मंगळवार, ८ एप्रिल २०२५

पहार उडाली! चौथा खड्डा. वीतभर खाली गेलं की खण्ण – आणि हात कोपरापर्यंत झिणझिणतो. खोली बावीस सेंटिमीटर, त्याखाली मुरूम. माती तांबूस तपकिरी. तिच्यात खडी इतकी की खडीत माती आहे म्हणणं जास्त बरोबर.

पिशोरच्या वरचा हा डोंगरउतार. आमच्या संस्थेला इथं आंबा आणि बांबूची चार हजार झाडं लावायची आहेत. भोवती कुंपण – म्हणजे मेंढरं बंद. जमीन झाडांना योग्य आहे की नाही, एवढंच मी सांगायचं. बाकी माझं काम नाही.

राजाबाई दिवसभर माझ्या खड्ड्याच्या काठावर बसून होती. तिची साठ मेंढरं याच उतारावर चरतात. नवरा, बिरू, खालच्या अंगाला वळत असतो. हा उतार गेला तर कळप विकायचा, असं तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलंय. रडून नाही. नुसतं सांगितलं. आज विचारलं, "काय गावलं?"

"माती."

"ती तर मला बी गावती. बिनपगारी."

मी हसले नाही. जीपमध्ये बसल्यावर हसले.

गुरुवार, १० एप्रिल

गारखेड्याच्या घरातली गॅलरी दगडांच्या पिशव्यांनी भरली. अम्मीचं म्हणणं, लोकांच्या मुली कामावरून येताना भाजी आणतात.

मंगळवार, १५ एप्रिल

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाणी धरून ठेवण्याची क्षमता – उत्तम. उत्तम? त्या उतारावर उभं राहून हे म्हणून दाखवावं कोणी!

फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे समजावलं. नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. खाली पडतं ते तपासतात, वर राहतं ते टाकून देतात. त्याची चूक नाही, पद्धत तीच आहे. उत्तम आहे ती चाळणीखालची माती. पण झाड लावायचंय ते डोंगरावर.

म्हणूनच प्रत्येक खड्ड्याचा दुसरा नमुना मी घरी आणते, चाळते, दगड तोलते. शंभर किलोत बासष्ट किलो दगड! ते धरून पाण्याचा हिशेब पुन्हा मांडला. छापील आकड्याच्या निम्म्याहून कमी भरलं. आणि तेही वीतभर खोलीत. गवताला तेवढं पुरतं. पाऊस सरला की ते वाळतं, मुळं झोपून राहतात. आंब्याला झोपता येत नाही.

अम्मीला म्हटलं, तुझ्या गॅलरीने एक अहवाल पाडला. ती म्हणाली, अच्छा, तो अब फेंक दे.

शुक्रवार, १८ एप्रिल

अभय सरांना आकडे दाखवले. संस्थेचे प्रमुख. माणूस चांगला, पण झाड म्हटलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. म्हणाले, दगडांचं काय घेऊन बसलीस गजाला, मोठे खड्डे घेऊ आणि खालून काळी माती आणून भरू.

मी म्हटलं, एक खड्डा तुम्ही घ्या.

सोमवारी येतायत. स्वतःची टोपी आणणार आहेत म्हणे.

सोमवार, २१ एप्रिल

सरांनी खरंच खड्डा घेतला! टोपी, हातमोजे, सगळं. पहिली वीत भराभर. मग खण्ण.

बिरू शेजारी बसून समालोचन करत होता. सायेब, जरा डावीकडं. नाय नाय, तिथं तर आनखीनच लई कडक. सायेब, तुमचा दगुड हसतोय बघा. राजाबाईने त्याला दोनदा दटावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच तोंडाला पदर लावला. दुपारपर्यंत सरांच्या पोटऱ्यासुद्धा बुडाल्या नाहीत त्या खड्ड्यात. ते काठावर बसले, हातमोजे काढले, फोड बघितले.

"चार हजार?" मला विचारलं.

"चार हजार."

मग स्वतःच हसायला लागले. देणगीदारांना ते कळवतील – इथं झाडं नाहीत. मग या उताराचं करायचं काय, ते मी लिहून द्यायचं.

राजाबाईने शेळीच्या दुधाचा चहा केला. बिरूने पहिला कप मला दिला, सरांना दुसरा. मी प्यायले. अहवालाचा अर्धा भाग मी राजाबाई-बिरूला अजून सांगितलेला नाही. चहा मात्र पूर्ण प्यायले.

बुधवार, २३ एप्रिल

सांगितला.

उताराचा वरचा तिसरा हिस्सा वाईट आहे. वर नुसती खडीची फरसबंदी. बारीक माती पावसाबरोबर गेली, दगड राहिले. गवताचे ठोंब उंचवट्यावर टांगल्यासारखे, मुळं उघडी. उन्हाळा-पावसाळा बारा महिने खूर पडतात, कोंब वर यायच्या आत खाल्ला जातो. दोन पावसाळे मेंढरं वर न्यायची नाहीत. नेली, तर काही वर्षांनी तिथं खायलाही काही नसेल.

राजाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी झाडं बी नगं, मेंढरं बी नगं. तुला पायजेल तरी काय गं?"

"गवत."

"आन् तवर माझी मेंढरं काय तुझा कागुद खातील?"

मी वही मिटली. मेंढरांनी तोवर काय खायचं, ते आकड्यांमध्ये नाही.

बिरूने आधीच्या सरकारी बंदीची गोष्ट रंगवून सांगितली. कुंपण झालं होतं एकदा. तार महिनाभर टिकली. खांब जरा जास्त – त्यातले दोन अजून टिकून आहेत. त्याच्या गोठ्याचं छप्पर त्यांच्यावरच आहे. दाखवायलाही नेलं. खांब चांगले आहेत.

शनिवार, २६ एप्रिल

आजचा दिवस नीट लिहिते.

उताराच्या मध्यावर बिरोबाचं ठाणं आहे. शेंदूर लावलेले चार दगड, ती देवाची हद्द. आत दसऱ्यापर्यंत मेंढरू सोडायचं नाही. त्यानंतरही गवत विळ्याने कापूनच न्यायचं. मी आजवर तिथं खणलं नव्हतं. आज परवानगी मागितली. राजाबाई म्हणाली, ओट्यापास्नं लांब खण आन् हुतं तसं बुजव.

उतार तोच. खालचा खडक तोच. दगडसुद्धा जवळजवळ तितकेच – एकोणसाठ किलो! पण माती काळपट, मुळांनी विणलेली, ढेकूळ हातात उचललं तरी सुटत नाही. एप्रिलच्या उन्हात आत ओल! मी दोनदा बोट घालून पाहिलं. यंत्रावर विश्वास आहे माझा, तरी बोट घातलं.

मग दोन कडी बसवली. पत्र्याचं कडं जमिनीत ठोकायचं, पाणी ओतायचं, किती वेगाने मुरतं ते बघायचं. एक ठाण्यापाशी, एक वरच्या उघड्या हिश्शात. राजाबाई आणि बिरू बघायला बसली होती. ठाण्यापाशी पाणी बघता बघता गेलं. वर नुसतं उभं राहिलं, गढूळ, वर पालापाचोळा तरंगत.

बिरू म्हणाला, "ते देवाचं हाय. म्हनून."

मी म्हटलं, दगड मोजलेत मी. सारखेच आहेत. फरक खुरांचा आहे.

दुसरी बादली राजाबाईनेच उचलली, वरच्या कड्यात ओतली आणि पाणी तिथल्या तिथं राहिलेलं बराच वेळ बघत राहिली. हे पाणी तिने अर्ध्या डोंगरावरून डोक्यावर आणलं होतं.

रविवार, २७ एप्रिल

सुट्टी. दगड चाळले. अम्मी बोलत नाहीये.

शुक्रवार, २ मे

राजाबाईचा फोन आला, ये. गेले, तर ठाण्यापाशी मेंढपाळांची अकराच्या अकरा घरं जमलेली. ठरवून बसले होते. सरकारी बंदी टिकत नाही, तार टिकत नाही. देवाची हद्द टिकते. तर देवाची हद्दच वर सरकवायची, दोन पावसाळ्यांसाठी. ही कल्पना राजाबाईची. पण हद्द कुठवर न्यायची, यावर भांडण, प्रत्येकाला दुसऱ्याची वाट अडलेली चालत होती. शेवटी तीच म्हणाली, "हिला इचारा. हिची मेंढरं नायत."

मी म्हटलं, देवाची हद्द मी कशी आखू?

बिरू म्हणाला, "टेप हाय ना तुझ्याकडं? मग आख. पुजा आमी करतो."

आखली! मी पुढं नकाशा घेऊन, मागून दगड घेऊन माणसं. वाटेतच राजाबाईची रोजची वाट आत गेली. मी थांबले. ती म्हणाली, थांबू नगं. आता तिला पलीकडच्या अंगाने फिरून जावं लागेल, दुप्पट चाल. बकरी ईदच्या आधी दहा मेंढे विकायला काढते म्हणाली, तेवढंच तोंड कमी.

घरी सांगितलं. अम्मी आधी थक्क, "तू देव की हद बांध को आई?" मग म्हणाली, "चाय तो पिलाए ना उनों?"

बुधवार, ७ मे

अहवाल दिला. 'स्थानिक प्रथेनुसार दोन पावसाळे चराईला विश्रांती' असं लिहिलं. अभय सरांनी वाचून विचारलं, टिकेल?

माहीत नाही म्हटलं. खरं तर माहीत आहे, असं वाटतं. ऑगस्टमध्ये आत गुडघाभर हिरवं असेल आणि बाहेर भुकेलं मेंढरू. मधे कुडाची काडीसुद्धा नाही, दगड आहेत, दूरदूर. बघायला कोणी नाही. मी त्यांच्या जागी असते तर आत सोडलं असतं.

गुरुवार, ५ जून

अम्मीने कुर्बानीचा मेंढा राजाबाईकडूनच घ्यायचं ठरवलं. दोघींची फोनवर घासाघीस, एक मराठीत, एक दखनीत. दोघीही जिंकल्या असं दोघींचंही म्हणणं आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

सकाळीच राजाबाईचा फोन. लिव्हून घे म्हणाली. काल सांजच्याला हद्दीत एक मेंढी शिरली. तिचीच. हाकलेपर्यंत चार-सहा घास खाल्ले असतील. दंड म्हणून उद्या अकराही घरांना जेवण घालतेय, पुरण घालायचंय, मीही यायचं.

विचारलं, कोणी पाहिलं?

"कुनी नाय. लिव्हलं का?"