पाच व्होल्ट आणि हे

३ फेब्रुवारी, सोमवार
उद्यापासून शिस्त. ह्यांनी रोज सकाळी नऊ ते साडेनऊ गेम खेळायचा. मी मागे उभी राहून लक्ष ठेवणार.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी वाद घालणार नाही. ह्यांची डावी बाजू दिवाळखोरीत निघाल्यासारखी झाली आहे. अर्धांगवायू. हात थोडा हलतो, पाय अजिबात नाही. फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणते, काकांना आवडीचं काहीतरी करू द्या. ह्यांच्या आवडीचं म्हणजे ते कपाटाएवढं धूड. ह्यांचं गेम पार्लर बंद झालं तेव्हा बाकीची मशीन्स विकली आणि विमानांच्या गेमचं हे एक घरी आणलं. इतकी वर्षं मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत आले. परवा लक्षात आलं, जॉयस्टिक डाव्या हाताला आहे. हे लक्षात माझ्याच आलं.

बेबीचा फोन (आमची मुलगी, वय एकेचाळीस). पंधरा तारखेला येते म्हणाली. त्या दिवशी फिजिओ तपासेल. हात सुधारला तरी पायात काही हालचाल नसेल, तर बाबा तीन महिने रिहॅब सेंटरमध्ये. मी म्हटलं, जरूर. मी एकटी उत्तम राहते.

तशी वेळ येणार नाही.

४ फेब्रुवारी
नऊला सुरू. मी सूचना देत होते: डावीकडे, अहो डावीकडे, आता गोळी. थोड्याच वेळात स्क्रीन काळी. बाजूला ठेवलेला टेबललॅम्पही गेला. दोन सेकंदांत दोन्ही परत, पण गेम पहिल्यापासून. अर्ध्या तासात असं चारदा. हात तापायच्या आत खेळ खलास.

निदान: व्होल्टेज अस्थिर. बी.एस्सी. फिजिक्स आणि तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं वाया जात नाही.

ह्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही. जुन्या वस्तूवर माया असते माणसाची. दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
मल्टिमीटर आणला. मशीनची मागची फळी उघडली. आत एक पत्र्याचा डबा आहे, पॉवर सप्लाय. तो गेमच्या बोर्डाला पाच व्होल्ट देतो. त्याहून बरंच कमी पडलं की गेम बंद होऊन पुन्हा सुरू होतो. माहिती इंटरनेटवरची, समज माझी.

मीटर लावून ठेवला आणि सूचना चालू केल्या. ५.०२. ५.०२. ५.०२. मग एकदम शून्य. अधलंमधलं काही नाही.

निष्कर्ष: चढउतार इतका जलद आहे की मीटरला दिसतच नाही. दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला.

हॉलमधला पंखा मात्र फिरत राहतो. गतीमुळे.

७ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरची बाई बरोबर नऊला वॉशिंग मशीन लावते. जाऊन स्पष्ट बोलले. ती म्हणाली, मशीन आठवडाभर दुरुस्तीला गेलंय. मी म्हटलं, तरीही.

८ फेब्रुवारी
स्टॅबिलायझर लावला. बारीक गुणगुणतो. तरी पाचदा गेलं.

दुपारी मी बँकेत होते, तेव्हा हे म्हणे तासभर खेळले आणि एकदाही काही गेलं नाही. दुपारी ह्या भागात व्होल्टेज चांगलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. वेळ नऊचीच राहील. माणसाने विजेप्रमाणे वागायचं नसतं.

१० फेब्रुवारी
हा दिवस विसरलेला बरा, पण लिहिते.

पॉवर सप्लायवर एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की व्होल्ट वाढतात. विचार असा केला की शिल्लक जास्त असली तर थोडं पडलं तरी चालेल. ५.२. मग ५.४. मग वास आला. चित्र थरथरलं, विमानांच्या जागी नुसते चौकोन. हे खुर्चीतून उठू बघत होते आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा शब्द अडखळले नाहीत.

"बंद कर ते."

बंद केलं. बोर्डावर हात धरवत नव्हता इतका तापलेला. दिवसभर मशीन तसंच ठेवलं. हे त्याच्या फळीला पाठ लावून बसून होते. जेवले नाहीत. संध्याकाळी स्क्रू होता तिथे आणला आणि चालू केलं. विमानं आली.

मी घाबरले नव्हते. दिवसभर चहा करायचं राहिलं, इतकंच.

११ फेब्रुवारी
संशयितांची छाननी. भिंतीतलं वायरिंग: संशयित. प्लग: संशयित. वरची बाई: अजूनही. एक्स्टेन्शन बोर्ड तपासायची गरज नाही, तो मी स्वतः पारखून आणला आहे. मशीन आणि लॅम्प दोन्ही त्याच्यावर लावून तो मशीनशेजारी जमिनीवर ठेवलाय, अगदी ह्यांच्या पायाशी, म्हणजे वायर कुणाच्या पायात येत नाही. ह्यांच्या गुडघ्यांवर जाड शाल असते, पार जमिनीपर्यंत. फरशी गार आहे. माझ्यासारखा बारीक विचार कुणी करत नाही.

पायाचा व्यायामही मीच घेते. अंगठा हलवा, म्हणते. हे माझ्याकडे बघत राहतात. प्रयत्नच नाही.

१४ फेब्रुवारी
आज सहादा गेलं. उपाय संपले, असं नाही. वेळ संपला.

बेबीचा फोन. सेंटरमध्ये खोली बघून ठेवलीये, आई, तू फक्त बाबांचे कपडे काढून ठेव. ह्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, खिडकी आहे का.

कपडे काढले. परत कपाटात ठेवले. घड्या नीट नव्हत्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सविस्तर लिहिते.

बेबी आली. फिजिओ आली. तिने शाल बाजूला केली आणि तपासायला घेतलं. हात बरा आहे, मूठ वळते. मग पाऊल.

"काका, अंगठा वर घ्या बघू."

काही नाही. पुन्हा सांगितलं. काही नाही. हे छताकडे बघत होते. बेबी मऊ आवाजात म्हणाली, मग ठरलं, आई. मी म्हटलं ठरलंबिरलं काही नाही. मशीन धड चाललं असतं तर हे रोज नीट खेळले असते, दोष व्होल्टेजचा आहे, मला पाच मिनिटं द्या. बेबीने फिजिओकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला.

मशीन चालू केलं. हे खेळायला बसले. एकच जागा मोजायची राहिली होती, म्हणून मीटर घेऊन मी एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी जमिनीवर आडवी झाले. खालूनच सूचना: डावीकडे. अहो, डावीकडे. किती वेळा सांगायचं.

माझ्या नाकासमोर ह्यांचा डावा अंगठा सावकाश वर आला. बोर्डाच्या लाल बटनावर टेकला. दाबला. लॅम्प गेला. क्षणभर विसावला, परत दाबला. लॅम्प आला.

फरशी खरंच गार होती.

"पुन्हा करा," मी म्हटलं.

बेबी म्हणाली, आई, पुरे, ऊठ आता.

"दोघी खाली बसा आणि बघा. अहो, डावीकडे."

अंगठा. लॅम्प गेला.

फिजिओ गुडघ्यांवर बसली. आधी तोंडावर हात, मग हसू, मग डोळ्यांत पाणी. तिने विचारलं, काका, हे कधीपासून?

"चार तारखेपासून," हे म्हणाले.

संध्याकाळी बेबीने खोली रद्द केली. जाताना दारात मला मिठी मारली, पण हसत होती. ती गेल्यावर ह्यांना विचारलं, एवढा पाय हलतो तर त्या मुलीसमोर का नाही हलवला. मला वाटलं, सांगतील की सांगून हलत नाही. ह्यांनी शब्द जुळवले.

"तिथे शांतता आहे म्हणे."

मी भांडी घासायला गेले. घासलेलीच होती.

१६ फेब्रुवारी
आज एक शब्द बोलले नाही. नऊ ते साडेनऊ मागे उभी, तोंड मिटून. हे तीनदा हरले. लॅम्प स्थिर. पायही स्थिर. मध्ये एकदा त्यांनी मान वळवून पाहिलं, मी आहे ना.

१७ फेब्रुवारी
फिजिओचा फोन. तो पाय रोज हललाच पाहिजे म्हणाली, तेव्हा काकू, तुम्ही बोलत राहा. जितकं जास्त तितकं चांगलं. थट्टा करत्येस का, विचारलं. नाही म्हणाली.

म्हणजे माझ्या सूचनांनी गुण येतो, हे मी पहिल्यापासून म्हणत होते तेच खरं ठरलं.

स्टॅबिलायझर काढला. सकाळी नऊला मागे उभी राहिले. अहो, डावीकडे, म्हटलं.

लॅम्प गेला. आज परत यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. ह्यांचे खांदे हलत होते.